शिट्टीचं उत्तर

पक्षी बघणाऱ्यांची जातच वेगळी. कडाक्याच्या थंडीत शहाणी माणसं पांघरूण डोक्यावर ओढून झोपतात, तेव्हा ही मंडळी गुडघ्यापर्यंत बूट चढवून समुद्रकाठच्या चिखलात उभी. नाक गळतंय, बोटं बधिर झालीत, आणि वर म्हणायचं, आज काय मजा आली! त्यातही नवरा-बायको दोघांनाही एकच खूळ असावं हे तर फारच दुर्मीळ. चष्मेवाली आणि तिचा नवरा तसे होते.

बाजारातल्या अरुंद गल्लीत त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. पुढे काउंटर, आरसा आणि भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. मागे पडद्याआड भिंगं घासायची खोली. तिथल्या चाकावर दिवसभर पाणी टपकत असायचं आणि नवरा त्याच्यापुढे वाकून काच घासत असायचा. काउंटर चष्मेवाली सांभाळायची. नवऱ्याची थोरली बहीण त्यांच्याजवळच राहायची. तिला सगळा बाजार ताई म्हणायचा आणि तिच्या तोंडाला लागायचं टाळायचा. पक्ष्यांचा नाद लागायला कारण झाले भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांची दुर्बीण दुरुस्तीला आली, आणि ती नीट झाली का ते बघायला नवरा बांधावर गेला. तिथे असा रमला की त्या दिवशी दुकान उघडायचंच विसरला. पुढच्या रविवारी बायकोलाही घेऊन गेला. ताई म्हणाली, घरात एक खुळा होता, आता जोडी झाली.

बांध म्हणजे मातीचा लांबच लांब कट्टा. एका अंगाला समुद्राकडचा चिखल, दुसऱ्या अंगाला लव्हाळ्यांची दलदल, आणि मधोमध भरतीचं पाणी अडवायचं लोखंडी दार. दारावर पत्र्याचं छप्पर असलेली एक खोली. हिवाळा लागला की दूरदेशचे पाहुणे उतरायचे. थापट्या बदकं, कुरव, लांब पायांच्या शेकाट्या. त्यांच्यासमोर एक नियम कडक होता, ओरडायचं नाही. एक हाक गेली की अख्खा थवा उठतो, आणि मग मास्तर असे बघायचे की माणसाला तोंड लपवायला जागा सापडू नये.

म्हणून नवऱ्यानं शिट्टी काढली. दोन लांब सूर आणि शेवटी एक आखूड, वर चढणारा. म्हणजे, कुठे आहेस? त्यावर तिनं एकच लांब सूर खाली उतरवायचा. म्हणजे, इथेच आहे. हळूहळू ती शिट्टी दुकानातही आली. पडद्यामागून प्रश्न यायचा, काउंटरवरून उत्तर जायचं. गिऱ्हाइकं हसायची, ताई कपाळाला हात लावायची. पण एक सांगायलाच हवं, चष्मेवालीनं त्या शिट्टीला उत्तर दिलं नाही असं कधी झालं नव्हतं. कडाक्याचं भांडण व्हायचं, बोलणं बंद व्हायचं, शिट्टी मात्र चालू राहायची.

गेल्या हिवाळ्यात पक्ष्यांच्या मोजणीचा रविवार होता. दुपारी दुकान उघडायचं म्हणून ती एकटीच परतली. नवरा म्हणाला, तू हो पुढे, मी अंधार पडायच्या आत येतो. अंधार पडला तरी तो आला नाही. तिला वाटलं, मोजणी लांबली असेल, मास्तरांकडेच राहिला असेल. आधीही राहिला होताच की. सकाळी लोखंडी दाराखालच्या चिखलात तो सापडला. कमरेपर्यंत रुतलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मास्तर घरी आले, तिच्यासमोर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वहिनी, क्षणात गेला तो. त्याला कळलंसुद्धा नसेल."

बुडत्याला काडीचा आधार, तसा तिला या वाक्याचा आधार झाला. वर्षभर ती त्याच्यावरच जगली म्हटलं तरी चालेल. आपण दुपारी परत यायला नको होतं, हा विचार दिवसातून शंभरदा मनात यायचा, आणि प्रत्येक वेळी ती तेच वाक्य पुढे करायची. त्याला कळलंसुद्धा नसेल. मग आपण तिथे असतो काय आणि नसतो काय, सारखंच.

या हिवाळ्यात ती बांधाकडे फिरकली नाही. पण एक दिवस बांधावरच्या मंडळींपैकी एक जण चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला आला. त्याला गप्पांची हौस. बोलता बोलता म्हणाला की लोखंडी दाराशी अलीकडे भुताची शिट्टी ऐकू येते, सगळे तिकडून जायला घाबरतात. बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण कोणासमोर बोलतोय. त्यानं जीभ चावली. चष्मेवालीनं स्क्रू बसवला, काचा पुसून दिल्या, पैसेसुद्धा घ्यायचे विसरली. ताईनं तिचा चेहरा पाहिला आणि निक्षून सांगितलं की तिकडे जायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेलीच.

धुकं होतं. दाराजवळ पोचली आणि वरून शिट्टी आली. दोन लांब सूर, एक आखूड. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तोच श्वास, दुसऱ्या सुराच्या आधी तोच किंचित अडखळणारा ओठ. हे दुसऱ्या कोणाचं असणं शक्यच नव्हतं. तरी पळावंसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर ती घाबरलीच नाही, तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच मग भीती वाटली. तिनं मान वर केली. पत्र्याच्या कडेवर एक साळुंकी बसली होती. मान फुगवून तिनं पुन्हा शिट्टी घातली.

साळुंकी! जिच्याकडे बांधावरच्या एकानंही कधी दुर्बीण वळवली नव्हती. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. सगळे बिचारे परदेशी बदकांमागे, आणि डोक्यावर बसलेल्या पाखराला भूत म्हणून मोकळे. चष्मेवाली तिथेच मातीत बसली आणि हसता हसता रडली.

परतताना ती मास्तरांकडे गेली. त्यांनी सांगितलं की साळुंक्या नकला करतात, त्यात नवल नाही. कुत्र्याची, सायकलच्या घंटीची, माणसाचीसुद्धा. किती वेळा ऐकावं लागतं, तिनं विचारलं. बरेचदा, मास्तर म्हणाले, एकदा ऐकून ती काही उचलत नाही. बोलताना ते दुर्बिणीची काच पुसत होते. काच आधीच लख्ख होती, हे चष्मेवालीच्या नजरेला दिसलं, पण त्या दिवशी तिला त्याचं काही वाटलं नाही. इतकी वर्षं इतक्या रविवारी आपण तिथे शिट्ट्या घातल्या, त्याच या पाखरानं जपून ठेवल्या, एवढंच तिच्या डोक्यात होतं. घरी येऊन तिनं ताईला सगळं सांगितलं. ताई चहा गाळत होती. तिनं पाठ वळवून डोळे टिपले, आणि मग सहज म्हणाली, "मग तुझं उत्तरही म्हणत असेल ना ती?"

चष्मेवालीनं आठवून पाहिलं. तिनं फक्त त्याचीच शिट्टी ऐकली होती.

त्यांची शिट्टी कधी एकटी नव्हतीच. ती नेहमी जोडीनंच वाजायची, प्रश्न आणि त्याला चिकटून उत्तर. साळुंकीनं ती चांगल्या दिवसांत उचलली असेल तर उत्तरही उचललं असणार. आणि नुसता प्रश्नच उचलला असेल, तर तो उत्तर देणारं कोणी नव्हतं त्या दिवशीचा. असा दिवस एकच होता, आणि एकदा ऐकून साळुंकी काही उचलत नाही. मग मास्तरांच्या त्या वाक्याचं काय करायचं? कळलंसुद्धा नसेल, म्हणे. ताई नंतर स्वतःला दोष देत राहिली की माझ्या जिभेला हाड नाही. पण तिचं काय चुकलं? तिनं सरळ विचारलं होतं.

पुढे काही दिवस चष्मेवाली रोज पहाट उजाडताच त्या पत्र्याखाली जाऊन बसायची. साळुंकीचं दुकान मोठं होतं. गंजलेलं दार वर चढतानाची करकर. टिटवीचं ओरडणं. कुठल्याशा स्कूटरचं सुरू होता होता बंद पडणं. हे सगळं ती मन लावून करायची, एखाद्या नकलाकारासारखी. चष्मेवाली देवाला विनवत बसायची की एकदाच तो खाली उतरणारा सूर येऊ दे. मोडका येऊ दे, अर्धा येऊ दे, पण येऊ दे.

आणि एका स्वच्छ सकाळी साळुंकीनं सगळंच म्हणून दाखवलं. आधी शिट्टी आली, नेहमीची, ठसठशीत. मग थोडा वेळ गेला. उत्तर मावेल एवढाच. पण उत्तराच्या जागी पुन्हा तीच शिट्टी आली. पुन्हा थांबणं. पुन्हा शिट्टी, आता सूर फाटलेला. त्याच्या पुढची तर नुसती हवा होती, आखूड सूर वर चढायला गेला आणि अर्ध्यातच राहिला. तशी शिट्टी नवऱ्यानं जन्मात कधी घातली नव्हती. म्हणजे एक दिवस सोडला तर.

चष्मेवालीनं तोंडात पदर कोंबला. थोड्या वेळानं उठली आणि बांधाच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागली. मास्तर तिथे होते. या हिवाळ्यात ते सदानकदा तिथेच असायचे, लोखंडी दारापासून होता होईल तेवढं लांब. का, ते आता तिला कळलं.

"मास्तर, त्या संध्याकाळी तुम्हाला शिट्टी ऐकू आली होती?"

मास्तरांनी दुर्बीण खाली केली. म्हातारा माणूस, पण त्या एका क्षणात आणखी म्हातारा झाला.

"आली होती, वहिनी. अंधार पडेपर्यंत येत होती," ते म्हणाले. "आम्हाला वाटलं, तुमचं दोघांचं नेहमीचं चाललंय. तुमचं उत्तर वाऱ्यामुळे आमच्यापर्यंत पोचत नसेल."

ती दुपारीच परत गेली, हे त्यांना कोणाला माहीत नव्हतं. उलट कोणीतरी थट्टासुद्धा केली होती की काय हे जोडपं, इतकी वर्षं झाली तरी हौस फिटत नाही. आणि सगळे हसले होते. ओरडला का नाही, असं मास्तरांनी मागाहून डॉक्टरांना विचारलं होतं. छातीत कळ आल्यावर ओरडायला दम पुरत नाही, शिट्टीला तेवढा लागत नाही, असं डॉक्टर म्हणाले. हे सगळं मास्तर वर्षभर पोटात घेऊन फिरत होते.

तिला राग आला नाही असं नाही. त्यांच्या मुस्काटात मारावी असं वाटलं. पण हात उचलला नाही, कारण त्यांच्या जागी ती असती तर तीही हसलीच असती. दुसऱ्या कोणा जोडप्याची शिट्टी असती तर तिनंही म्हटलं असतं, चालू दे त्यांचं. पक्षी बघणाऱ्यांनी आयुष्यभर आवाज ओळखायचे, आणि ज्या आवाजाला धावत जायचं तो ओळखीचा म्हणून सोडून द्यायचा. ती वळली.

दाराशी आली तेव्हा साळुंकी अजून तिथेच होती. पाखराला काय, त्याचं आपलं चालू होतं. दोन लांब सूर, एक आखूड. कुठे आहेस? चष्मेवालीनं ओठ ओले केले. वर्षभर शिट्टी घातली नव्हती, पहिल्यांदा नुसता वारा आला. दुसऱ्यांदा सूर लागला. तो खाली उतरवत नेला. इथेच आहे.

साळुंकीनं मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं. चष्मेवालीनं पुन्हा उत्तर दिलं. मग तिला तिथून निघताच येईना. पाठ वळवली की मागून शिट्टी यायची, आणि ती शिट्टी तशीच टाकून जाणं आता तिच्यानं होणार नव्हतं. पाखरू उडून गेल्यावरच ती घरी आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही. काउंटर ताईनं सांभाळलं. बाजारात कुजबुज सुरू झाली की चष्मेवालीच्या डोक्यावर परिणाम झालाय, पाखराशी बोलत बसते. ताईनं दोघाचौघांना असं झाडलं की कुजबुज निदान दुकानाच्या दारापर्यंत तरी येईनाशी झाली. पण घरात ताईलाही धाकधूक होतीच. एकदा तिनं विचारलं, असं किती दिवस चालायचं? चष्मेवाली म्हणाली, तो विचारतोय तोवर.

थंडी सरत आली. बदकं गेली, कुरव विरळ झाले, मास्तरांची मंडळी बांधावर येईनाशी झाली. चष्मेवाली एकटीच यायची. तिची शिट्टी आता पूर्वीसारखी साफ लागत होती.

एके दिवशी ताईला ताप होता म्हणून तिला निघायला उशीर झाला. बांधावरून ती जवळजवळ धावतच आली. दार अजून लांब होतं तोच शिट्टी सुरू झाली. तिला धाप लागलेली, ओठ गोल करावेत तर श्वासच जागेवर नाही. तिचा जीव कासावीस झाला. थांब, थांब, आले, असं ती मनात म्हणत होती, आणि तेवढ्यात पत्र्यावरून तो एकच लांब सूर खाली उतरत आला.

तिचा होता. सूर संपवताना ती थोडी खाली घसरते, तीसुद्धा घसरण त्यात होती. पुन्हा त्याची शिट्टी आली, आणि तिला चिकटून पुन्हा तिचं उत्तर. कुठे आहेस? इथेच आहे. मधे फट म्हणून नाही. चष्मेवाली बांधावर जागच्या जागी उभी राहिली, ओठ अजून गोल केलेले. वर पत्र्यावर आता तिची कोणालाच गरज नव्हती.

तिला बरं वाटलं, आणि वर्षभरात वाटलं नव्हतं इतकं एकटंही वाटलं. ती आणखी थोडा वेळ ऐकत राहिली. मग दुकान उघडायची वेळ झाली म्हणून ती मागे वळली, आणि मागून शिट्टी आली तरी या वेळी चालत राहिली.