शेपटीतलं शिसं

तुमच्या आजोबांना म्हातारपणी एक बया भेटली. चार फूट पंखांची, लाल नाकाची, रिमोटवर उडणारी. हसताय काय? माझी सवतच ती!

विमानाला ‘ते’ म्हणतात, एवढं मलाही कळतं. पण हे म्हणायचे ‘ती’. ती दमलीय. तिला ऊन लागेल.

उडवायच्या आधी तिचा तोल बघायचा असतो. दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून अलगद उचलायची. आडवी राहिली तर ठीक. शेपटी खाली झुकली तर नाकात शिशाचा तुकडा चिकटवायचा. हे श्वास रोखून उचलायचे. मला चाळीस वर्षांत नुसतं “ऊठ गं” म्हणून उठवलं.

“अहो, चहा गार होतोय.”

“थांब, तिचं नाक हलकं वाटतंय.”

“आणि माझं?”

“तुझं कायम वरच!”

असा राग आला म्हणता! रविवारी मैदानावर तोल बघून झाला, हे टोपी आणायला गाडीकडे वळले. मी पटकन तिच्या नाकातलं शिसं उपटलं आणि शेपटीत दाबलं. म्हटलं, एकदा आपटली की सुटले.

ती उडाली ती नागासारखी शेपटीवर उभीच राहिली. सरळ वर! ढगाला भोक पाडलं. एक घार इतकी घाबरली, की चालत घरी गेली. मग बाईसाहेबांचा दम संपला आणि गरगरत खाली, धाडकन! पंख मोडला.

हे धापा टाकत पोचले. शेपटीत बोट घालून शिसं काढलं.

“हे इथे कसं?”

“उंदीर असेल.”

“शिसं चिकटवणारा उंदीर?”

“हल्ली उंदीरही शिकलेत.”

शिसं खिशात टाकलं. मग म्हणाले, “माझंच चुकलं. तुझ्याजवळ तिला एकटं सोडायलाच नको होतं.”

झालं! दोन महिने ती जेवणाच्या टेबलावर निजलीय, माझ्या उशीवर. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. हे तासातासाला तिचा पंख चाचपतात.

काल मीही पलंगावर पडले आणि जोरजोरात खोकून पाहिलं. हे धावत आले. काळजाला बरं वाटलं हो.

“अगं, हळू खोक,” म्हणाले, “नवा गोंद ओला आहे. हलेल ती.”