आधी ताईबाईंचा घास

प्रियदर्शनीनं टोपलीतली अळिंबी उकिरड्यावर पालथी केली आणि वरून चुलीतली राख लोटली. मग मुकाट आत येऊन फ्रिजमधलं पाकीट फोडलं. बारामतीच्या मंडईतले पांढरे, गुबगुबीत मशरूम. सासूबाईंना कळू नये म्हणून तिनं मशरूमचे पातळ काप केले आणि काळा मसाला जरा सढळ हातानं टाकला.

अळिंबी सकाळी शेजारच्या प्रयागबाईनं उसाच्या बांधावरच्या वारुळावरून आणली होती. घरी नेण्याआधी तिनं ती रीतीप्रमाणं प्रियदर्शनीच्या सासूच्या, ताईबाईंच्या पुढ्यात ओतली. कळंबच्या त्या वस्तीवर ताईबाईंचा हात लागल्याशिवाय अळिंबी चुलीवर चढत नसे. टोपीला मधोमध टोक हवं, देठाखाली वारुळात उतरणारी लांब मुळी हवी. तळाशी वाटी लागली, की विषारी, कुत्र्याची छत्री म्हणून फेकायची. यंदा ताईबाईंना दिसत नव्हतं. त्यांनी एकेक छत्री बोटांनी चाचपली, हुंगली.

"चांगली हाय. खुशाल रांधा. आन् प्रिया, मूठभर दोऱ्यात ओवून वाळत घाल."

प्रयागबाई निम्मी इथं ठेवून गेली. दिसत नसलेल्या माणसाच्या भरवशावर सगळ्या घराचा जीव टांगायचा का, असं प्रियदर्शनीच्या मनात आलं. त्यात वावगं काही नव्हतं. पण तसं तोंडावर म्हणायला धीर लागतो, आणि धीर नसला की माणूस हुशारी करतो.

संध्याकाळी ताटं मांडली. तिचा नवरा संघपाल कारखान्यातून भुकेजून आला होता. त्यानं भाकरी मोडल्याचा आवाज आला, तसा ताईबाईंनी हात आडवा धरला.

"दम धर. आधी मी."

पारखणाऱ्यानं आधी खायचं, त्याला काही झालं नाही तरच बाकीच्यांनी ताटाला हात लावायचा, ही त्यांनी स्वतःला घालून घेतलेली रीत. त्यांनी घास घेतला. चावता चावता मध्येच थांबल्या. मग सावकाश गिळला आणि भिंतीला टेकून, पोटावर हात ठेवून बसून राहिल्या.

"आई, जेवू का आता?"

"थांब म्हन्ते न्हवं. माजं काय व्हायचं ते हू दे. तुमाला आजून लई जगायचंय."

बाजारातल्या मशरूमवर म्हातारी पहारा देत बसली होती. प्रियदर्शनीला तिकडं बघवेना. लाजेनं तिचे कान तापले. तिनं घासलेलाच तवा पुन्हा घासायला घेतला. अजूनही सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही. शेवटी संघपालनं दोन भाकऱ्या हाणल्या. ताईबाई मात्र त्या एका घासावरच उठल्या.

सकाळी प्रयागबाई पुन्हा टोपली घेऊन दारात हजर.

"काय गोड लागली गं ताईबाई! आमच्या म्हाताऱ्यानं ताट चाटूनपुसून खाल्लं. आजबी घावलीया. बघ जरा."

ताईबाईंचे हात टोपलीकडं गेले नाहीत. त्यांनी ते पदराखाली घेतले.

"आता मला नगं दावू. दुसरं कुनी बघ."

"का गं? काल तर बराबर सांगितलंस की."

"काल घास घेतला, तर अळिंबीची चवच लागंना. डोळं गेलं हुतं, आता जीबबी गेली."

प्रियदर्शनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती तशीच परसात गेली. राख उकरली, एक छत्री उचलली आणि परत येऊन ताईबाईंच्या हातात ठेवली.

"जीब शाबूत हाय तुमची, आई. काल ताटात ही न्हवती."

ताईबाईंनी छत्री चाचपली. टोकावरची राख बोटाला लागली. मुळी शेवटापर्यंत चिमटीतून ओढून पाहिली. प्रयागबाई एकदा सासूकडं, एकदा सुनेकडं बघत राहिली.

"आन ती टोपली, प्रयागे," ताईबाई म्हणाल्या. "बघते. पर आज आधी माजी सून खाईल."

प्रियदर्शनीनं मान डोलावली. मग ते त्यांना दिसणार नाही हे ध्यानात येऊन, प्रयागबाईच्या देखत, मोठ्यानं म्हणाली,

"व्हय."