शाहीर पांडूची चाल

पांडूने मोबाईलचा आवाज बंद केला, पण उशीर झाला होता. समोरच्या खाटेवर भात खात बसलेल्या डेलरॉयचा चमचा हवेतच थांबला होता.

"पुन्हा लाव," तो म्हणाला.

सौदीतल्या रास तनुराच्या कॅम्पात दोघे एका खोलीत राहत. पांडू वेल्डर, डेलरॉय क्रेनवर. डेलरॉय जमैकाचा. तरुणपणी आपण तिकडची रेगे गाणी गायचो, एक रेकॉर्डही निघाली, पण काळं कुत्रंही फिरकलं नाही, असं तो हसत सांगायचा. शुक्रवारी कपडे धुताना मात्र तेच गाणं गुणगुणायचा. चाल इतकी गोड, की पांडूने सुट्टीत कोकणात गावी जाऊन तिच्यावर जाखडी नाचाचे शब्द बसवले. गणपतीत पोरांनी ते उचलून धरलं. आता तालुकाभर पांडूचं नाव झालं होतं आणि त्या कौतुकाने पठ्ठ्या फुगून गेला होता.

नाइलाजाने त्याने व्हिडिओ लावला. घुंगरं बांधलेली पोरं गोल धरून नाचत होती. डेलरॉयने पहिल्या ओळीलाच ओळखलं. त्याचे डोळे भरून आले.

"माझं गाणं. लोक नाचतात यावर?"

"हो."

शेवटचं कडवं आलं. त्यात कवीचं नाव गुंफायची रीतच. 'शाहीर पांडूची ही चाल, ऐका हो मंडळी.' पांडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुझं नाव घेतलं ना?"

"शब्द माझे आहेत," पांडू चाचरला. पुढचं सांगून टाकावं असं फार वाटलं, पण जीभ उचलेना.

"बरं केलंस. नाव घालायचंच. माझ्या रेकॉर्डवर कंपनीच्या मालकाने स्वतःचं घातलं. मी गप्प बसलो." डेलरॉयने ताट बाजूला सारलं. "हे कडवं मला शिकव. मुलीला गाऊन पाठवतो. तिला कळू दे, बापाची चाल कुठे पोचली."

तो अडखळत म्हणू लागला. "शाहीर पांडूची ही चाल. बरोबर?"

पांडूला मान वर करवेना.

"चुकतंय," तो म्हणाला. "तिथे डेलरॉयची म्हण."

"पण व्हिडिओत तर पांडूची म्हटलंय."

"पोरं चुकली."

बोलला आणि आपण पोरांवर ढकललं, हे त्याचं त्यालाच लागलं.

डेलरॉयने स्वतःचा मोबाईल काढला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि पांडूच्या तोंडासमोर धरला.

"हे कडवं तूच म्हण," तो म्हणाला. "माझं नाव घालून."