हाकेच्या अंतरावर

सर्वेक्षणवाल्या बाईचं डोकं पार चक्रावून गेलं होतं. नदीकाठच्या गल्लीत माणसं मोजून एकसष्ट. तेरा घरं करून झाली आणि नवव्या प्रश्नाची बेरीज आली सातशे तेहतीस!

प्रश्न साधा होता : पूर आल्यास हाकेच्या अंतरावर आपली माणसं किती? पण जो तो आपलं घर सोडून अख्खी गल्ली मोजत होता. शिंप्याने तर वर बजावलं, "बाई, मार्क चांगले टाका हं, आम्ही कुणाला हार जाणारे नाही!" आता या शहाण्यांना कोण सांगणार, की या आकड्यांवरून पडणारे मार्क चाळीसच्या वर गेले तर वस्ती 'सक्षम' ठरते आणि पूरभिंत मिळते दुसऱ्यांना?

तिने साहेबांना फोन लावला.

"अहो, आपली म्हणजे नात्यातली," साहेब वैतागले. "शेजारपाजार कसला मोजताय? पुन्हा विचारा."

पुन्हा विचारलं तर आकडे धाडकन खाली आले. भिंत मिळणार होती. पण मग गेल्या पुरात एकही माणूस दगावला नाही, तो कुणाच्या जोरावर? खरं मोजावं तर भिंत जाते, भिंत मिळवावी तर खरं जातं. इकडे आड, तिकडे विहीर.

चौदावं, शेवटचं घर तिच्या सख्ख्या मावशीचं. मावशी एकटी, खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवरच. गेल्या वेळी पाणी खाटेला लागलं होतं. भिंत हवी होती ती हिच्यासाठीच.

"मावशी, नात्यातली माणसं सांग फक्त."

"लिही. शिंपी, त्याची बायको, समोरचा गवंडी..."

"अगं, ते शेजारी झाले!"

"शेजारी? खाटेसकट उचललं मला त्यांनी. गवंड्याच्या गळ्याइतकं पाणी होतं."

"बरं बाई, पण रक्ताचं कुणी?" तिने पेन सरसावलं. "मी आहे ना. एक लिहिते."

मावशी जरा घुटमळली. भाचीला दुखवायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"तुझा प्रश्न काय होता गं? पुन्हा वाच बघू."

"पूर आल्यास हाकेच्या अंतरावर..." ती वाचता वाचता थांबली.

"त्या पुरात दोन दिवस हाका मारल्या मी फोनवर," मावशी हळूच म्हणाली. "तू कामात होतीस. राग नाही हो माझा."

चौकटीत एक लिहिणं खोटं होतं आणि साहेबांच्या हिशेबाने गल्लीतले साठ लिहिणंही चूक. तिने शून्य लिहिलं. त्या शून्याने गल्लीचे मार्क अडतीसवर आले, म्हणजे भिंत नक्की झाली.

"मिळाली का गं भिंत?" मावशीने विचारलं.

"मिळाली," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.