ब्याऐंशी किलो वाळू

मित्रांनो, मी एक जुनी, लाल रंगाची, दोनच माणसांना पोटात घेणारी स्पोर्ट्स कार आहे. माझी उंची किती असं कोणी विचारलं, तर मला आजही धड उत्तर देता येत नाही. बुटकी आहे एवढं नक्की. पण नेमकी किती बुटकी, यावरून आमच्या घरात जो घोळ झाला, तो मला समजला तेवढा सांगते. सगळा समजला असा माझा दावा नाही.

कारखान्यात माझा रंग वाळतो न वाळतो तोच बाबा मला घरी घेऊन आले. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणते. तेव्हा ते चांगले अंगापिंडाने भरलेले होते. ते बसले की माझी उजवी बाजू खाली जायची, मग आई डावीकडे बसली की मी पुन्हा सरळ व्हायचे. वळणावळणाच्या रस्त्यावर आम्ही सुसाट जायचो. सिग्नलला थांबलो तर शेजारच्या बसमधली मुलं मला हात करायची. मी फार शेफारले होते, हे कबूल करायला हवं.

मग आई आजारी पडली आणि मी ताडपत्रीखाली गेले. आई गेली, तरी ताडपत्री तशीच राहिली. स्प्रिंगा गंजल्या, शॉकअपमधलं तेल गळून गेलं, सीटचा कोपरा उंदरांनी कुरतडला. माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघेना. फक्त बाबा कधीमधी यायचे, ताडपत्री सारून माझ्यात बसायचे आणि इंजिन सुरू न करताच परत जायचे. ते बसले तरी मी पूर्वीइतकी खाली जात नव्हते. हे मला कोडंच होतं. म्हाताऱ्या स्प्रिंगा खाली बसतात, वर येत नाहीत. मला वाटलं, गंजून ताठ झाले असेन.

लेक दुसऱ्या गावी दातांची डॉक्टर आहे. ती रोज फोन करायची, सुट्टीला येऊन जायची. बाबा घराबाहेरच पडत नाहीत, हे तिला सलत होतं. म्हणून एकदा ती माझ्यासाठी नवे शॉकअप आणि नव्या स्प्रिंगा घेऊन आली.

"बाबा, गाडी परत रस्त्यावर आणायची. मग मला स्टेशनवर घ्यायला तुम्ही यायचं. रिक्षाने येणार नाही मी, सांगून ठेवते."

सोबत होते बाबांचे जुने ओळखीचे मेस्त्री. काहीही विचारलं तरी "सबुरीनं घ्या" म्हणतात, म्हणून त्यांचं नावच सबुरी मेस्त्री पडलं आहे.

नव्या शॉकअपवर आटे असतात आणि त्यांवर एक रिंग असते. रिंग फिरवली की गाडीचा तो कोपरा वर किंवा खाली जातो. चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्यायचं आणि उंची जुळवायची. मात्र चालवणाऱ्याचं वजन सीटवर असायला हवं, कारण ते एकाच बाजूला पडतं. तासन्‌तास माणूस कुठे बसवून ठेवायचा? म्हणून मेस्त्री वाळूची पोती ठेवतात.

"वजन किती तुमचं?" त्यांनी विचारलं.

"ब्याऐंशी," बाबा म्हणाले. "वर्षानुवर्षं तेच आहे."

ब्याऐंशी किलो वाळू तोलून माझ्या सीटवर ठेवली गेली. लेकीने दातांवर काम करावं तशा निगुतीने रिंगा फिरवल्या. चारही मापं बरोबर आली. मी अगदी सरळ उभी राहिले. पोती उतरवली, बाबा बसले, आम्ही निघालो, आणि मी तिरकी!

उजव्या वळणाला मी गोडीत वळत होते, डाव्या वळणाला बिचकत होते. ब्रेक दाबला की एका बाजूला ओढ घेत होते. बाबांचे हात फार चोखंदळ. त्यांनी अर्ध्या रस्त्यातूनच मला परत वळवलं.

पुन्हा पोती, पुन्हा मापं. सगळं बरोबर! पुन्हा बाबा, पुन्हा रस्ता. सगळं चूक! मित्रांनो, मी खरोखर गांगरून गेले. मी नेमकी कशी आहे? गॅरेजमध्ये सरळ आणि रस्त्यावर वाकडी, असं कुणाचं असतं का?

मेस्त्री म्हणाले, "फरशीला उतार असणार."

"नाचता येईना अंगण वाकडं!" बाबांनी टोमणा मारला.

तरी नळीत पाणी भरून फरशी तपासली. ती सपाट निघाली. मग टायरमधली हवा तपासली, चाकं अदलाबदल केली, स्प्रिंगा काढून शेजारीशेजारी उभ्या करून पाहिल्या. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा सगळा प्रकार चालला होता.

शेवटी बाबा दारातल्या स्टुलावर बसले. "गाडीचं काही चुकत नाहीये गं. माझेच हात गेले आता. विकून टाक तिला. चालवेल कोणीतरी तरणा."

  माझ्या निमित्ताने बाबा चार दिवस घराबाहेर पडले होते. मी गेले असते तर ते पुन्हा त्याच चार भिंतींत बसले असते.

"एकदाच," लेक म्हणाली. "पोती नकोत. तुम्ही बसा, मी माप घेते."

"मला बाहेरून बघू दे की."

"बसा म्हटलं ना!"

बाबा बसले. तिने वाकून पट्टी धरली आणि तशीच थांबली. पोत्यांच्या मापापेक्षा माझी उजवी बाजू आगकाडीच्या जाडीहून जास्त वर होती.

"पोत्यात वाळू जास्त भरली की काय?" म्हणत मेस्त्रींनी पोती परत तोलली. ब्याऐंशीच भरली.

 लेक माझं दार उघडून बाबांपाशी बसली. गॅरेजमध्ये गार असतं म्हणून बाबा नेहमी जाड जाकीट घालायचे. तिने त्याची चेन खाली ओढली. आतला शर्ट खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. पट्ट्याला नवी भोकं पाडलेली होती.

"बाबा, तुम्ही जेवत नाही?"

"एकट्यासाठी काय रांधायचं गं? चहा-बिस्किटावर भागतं."

"आणि मी रोज विचारते तेव्हा 'झालं जेवण' म्हणता ते?"

"तू तिकडे एवढ्या लांब. उगाच जिवाला घोर."

ती रडली आणि रडता रडताच त्यांना रागावली. मेस्त्री दुसरीकडे बघत पाना पुसत राहिले आणि म्हणाले, "उद्यापासून दुपारचं जेवण माझ्यासोबत. मलाही एकट्याला जात नाही." त्या दिवशी बाबांना बसवूनच माझ्या रिंगा फिरवल्या. मी रस्त्यावर सरळ धावले. विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या गाड्यांना तेलपाणी द्या, त्यांना झाकून विसरून जाऊ नका. आणि लांब राहणाऱ्या माणसाला फोनवर "जेवलात का?" असं नुसतं विचारून थांबू नका. कधीतरी त्याच्या शेजारी बसून जेवा. आपल्या माणसांबद्दल आपण जुनीच मापं धरून बसतो, एवढं मला या घोळातून उमगलं.

आता बाबा स्टेशनवर जातात. लेकीला घरी आणलं की ती आधी गॅरेजमध्ये बाबांना माझ्यात बसवते आणि उजव्या चाकाशी पट्टी धरते. परवा मी तिथे जराशी खाली आलेली निघाले.

"परत तिरकी व्हायला लागली," मेस्त्री पाना काढत म्हणाले. "रिंग फिरवून वर घेऊ?"

लेकीने त्यांचा हात धरला. "राहू द्या मेस्त्री. अजून खाली येऊ दे."