कोटकाकांची पाठ

"काका, जरा श्वास रोखून धरा ना. हलतंय ते."

कोटकाकांनी श्वास रोखला. पाठीमागे फोन धरून कोण उभं आहे ते त्यांना दिसत नव्हतं. आवाजावरून कॉलेजातली पोरगी वाटली. "झालं," मागून आवाज आला, चपला वाजत दूर गेल्या आणि काकांनी श्वास सोडला. थँक्यू वगैरे नाही. पाठीला कोण थँक्यू म्हणतं?

हे त्यांचं काम होतं. फर्निचरच्या मोठ्या शोरूमसमोर, फुटपाथवर, पिवळाधमक कोट घालून उभं राहायचं. कोटाच्या पाठीवर हातभर रुंद काळापांढरा चौकोन, त्याच्यावर 'जुना पलंग द्या, नवा न्या' आणि खाली 'स्कॅन करा'. सुरुवातीला हा कोड नुसता कापडावर छापला होता. काका वाकले, शिंकले, खांदा खाजवला की त्याला सुरकुती पडायची आणि फोन त्याला ओळख दाखवायचा नाही. मग मार्केटिंगवाल्यांनी अक्कल लढवून कोटात आतून प्लायवुडची फळी शिवून घेतली. कोड सरळ झाला, त्याबरोबर काकाही सरळ झाले. बसायला खुर्ची दिली होती, पण टेकायची सोय उरली नाही.

त्याआधी याच शोरूमच्या मागच्या कारखान्यात ते पलंगांना, कपाटांना पॉलिश करायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली. वासाने छाती धरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेतलं काम बघा. मालकांनी त्यांना मोकळ्या हवेत आणून उभं केलं. उपकारच म्हणायचे. समोर बस थांबायची आणि सगळा धूर काकांच्या तोंडावर सोडून जायची, पण तेवढं चालायचंच.

स्कॅन पाठीमागून व्हायचं, शिव्या मात्र समोरून यायच्या.

"काय हो, ऑफर संपली म्हणतंय तुमचं ते. मग पाठीवर कशाला मिरवताय?"

"माझा नंबर कोणाकोणाला वाटलात? सकाळपासून फोन. गादी घ्या, सोफा घ्या, कर्ज घ्या."

काका म्हणायचे, "आत जाऊन विचारा." आत गेलं की सांगत, ते ऑनलाइनवाल्यांचं खातं वेगळं, आमच्याकडे नाही. माणूस तसाच बाहेर येई. कंपनीवर चिडायला कंपनी कुठे दिसते? कोटकाका दिसायचे. काका ऐकून घेत. त्यांना वाटे, लोकांचंच काहीतरी चुकत असेल, बटणं उलटसुलट दाबत असतील. त्यांच्या स्वतःच्या खिशात जुना बटणांचा फोन होता. आपल्या पाठीवरून लोक नक्की कुठे पोचतात, ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

कोड म्हटला की वाईटच, असं नाही. शोरूमला लागून जिना होता आणि जिन्याखाली घड्याळं दुरुस्त करणारी बाई बसायची. सगळे तिला घड्याळताई म्हणत. तिच्या पावतीवरही कोड असे, काडेपेटीएवढा. घड्याळ तिच्याकडे टाकून घरी गेलात आणि तो स्कॅन केलात की आपलंच घड्याळ फोनवर दिसायचं. आधी पोट उघडलेलं, मग जोडलेलं, मग टिकटिक चालणारं. नाव विचारणं नाही, नंबर मागणं नाही. लोक खूश होऊन घड्याळ न्यायला येत आणि येताना शेजाऱ्याचं बंद पडलेलंही घेऊन येत. तिच्या नवऱ्याने एका दुपारी बसून करून दिलं होतं ते.

"काका, तुमचा कोड मोठा की माझा?" ती चिडवायची.

"माझा. पण तुझा चालतो," काका म्हणायचे आणि दोघं हसायचे. तेव्हा ते हसण्यावारी जात होतं.

मग सुट्टीच्या दिवशी काका अक्काकडे गेले. अक्का त्यांची मोठी बहीण. नवरा गेल्यापासून दोन खोल्यांत एकटी राहायची. कमरेचं हाड मोडून एकदा जोडलेलं होतं आणि जमिनीवर बसायचं नाही, झोपायचं तर मुळीच नाही, अशी तिला डॉक्टरांची तंबी होती. काका दारातून आत आले तर अक्का फरशीवर सतरंजी अंथरून पडलेली. पलंगाच्या जागी नुसते चार पायांचे डाग.

"पलंग कुठाय?"

"गेला."

"गेला म्हणजे? पाय फुटले त्याला?"

"ओरडू नकोस, धाकट्या. आधी ऐक." अक्का कुशीवर वळली, तेवढ्यानेच तिचा चेहरा आंबट झाला. "त्या दिवशी मी दवाखान्यातून येत होते. बसमधून उतरले तर समोर तुझी पाठ. तू कोणालातरी रस्ता सांगत होतास. मी मागूनच फोन धरला."

"मला हाक नाही मारायची?"

"मारली असती तर तू आत जाऊन साहेबाच्या हातापाया पडला असतास. माझ्या बहिणीला द्या म्हणून. मला नको होतं ते. म्हटलं, चार लोक घेतात तसा आपणही रीतसर घ्यावा."

मग तिने सांगितलं. नाव टाकलं, पत्ता टाकला, नंबर टाकला. शेवटी फोनवर रंगीत कागदाचे तुकडे उडाले आणि अक्षरं आली, 'अभिनंदन. जुना पलंग खोलून तयार ठेवा. आमचा माणूस येत आहे.' अक्काला वाटलं, आमचा माणूस म्हणजे धाकटाच येणार. शेजारच्यांना सांगून तिने पलंग खोलून घेतला, सगळ्या फळ्या दाराबाहेर नीट लावून ठेवल्या.

"मग? आली गाडी?"

"आली ना. भंगाराची." अक्का हसली. "त्याला वाटलं टाकूनच दिलाय. मी आत भांडी घासत होते. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून मेसेज आला, ऑफर संपली, तोवर आमची गादीची नवी रेंज पाहा. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं."

काका हसले नाहीत. अक्काला उठायचं होतं. तिने खुर्चीचा पाय धरला, मग खुर्चीची बैठक, मग काकांचा खांदा, आणि उभी राहीपर्यंत तिच्या कपाळावर घाम आला. काकांना लाज वाटली. इतके दिवस समोरून आलेल्या शिव्या त्यांनी कंपनीच्या म्हणून सोडून दिल्या होत्या. आज कोणी शिवीही दिली नव्हती, तरी त्यांना ती लागली.

दुसऱ्या दिवशी कोट चढवून ते आधी जिन्याखाली गेले आणि घड्याळताईकडे पाठ करून उभे राहिले.

"स्कॅन कर. आणि जे जे येईल ते मोठ्याने वाच."

"अहो, गिऱ्हाईक बसलंय."

"त्यालाही ऐकू दे."

ताईने काहीबाही भरत वाचायला सुरुवात केली. नाव. पत्ता. फोन. घरात माणसं किती. पगार. मग अभिनंदन. मग तिने पान खाली, अजून खाली सरकवलं आणि डोळ्याला घड्याळ बघायचं भिंग लावलं, इतकी अक्षरं बारीक होती.

"ही योजना संपली आहे. आपली माहिती आमच्या सहयोगी कंपन्यांना दिली जाऊ शकते."

"हे सगळ्यात वर का नाही लिहीत?"

"वर लिहिलं तर नंबर कोण देईल, काका?" ताई म्हणाली. खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं, "मीही दिलाय."

काका शोरूममध्ये गेले. मार्केटिंगच्या मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या, स्वभावाने वाईट नव्हत्या, वाढदिवसाला सगळ्यांना केक वाटायच्या. काकांनी अक्काचं सांगितलं तसा त्यांचा चेहरा पडला.

"सो सॉरी, काका. पण ते पान एजन्सीचं आहे. मी मेल टाकलेत त्यांना. वरून परवानगी येत नाही." मग त्यांना काहीतरी सुचलं, त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा काकांकडे फिरवला. "हे बघा. तुम्हाला माहितीय का, बसस्टॉपवरच्या बोर्डापेक्षा तुमच्या पाठीवरून जास्त स्कॅन येतात. सगळ्या शहरात तुम्ही एक नंबर."

"त्यातल्या किती जणांना पलंग मिळाला?"

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. "ते या रिपोर्टमध्ये नसतं."

"कुठल्या रिपोर्टमध्ये असतं?"

मॅडमनी उठून काकांना वरच्या मजल्यावर नेलं. कोपऱ्यात एक पलंग होता, शोसाठी ठेवलेला, बाजूला थोडा ओरखडा पडलेला. "हा आजच्या आज तुमच्या बहिणीकडे पाठवते. माझ्या अधिकारात आहे तेवढं. फक्त बाहेर कोणाला काही बोलू नका, काका. एवढा सीझन जाऊ दे, मग मी बघते कोडचं."

काकांनी पलंगावरून हात फिरवला. पाय भक्कम, उंची अक्काला हवी तितकीच, उशाला मऊ कापड. नको म्हणवेना. खोटं कशाला सांगा, त्यांचं मन त्या पलंगावर केव्हाच जाऊन बसलं होतं.

"बहिणीला विचारून सांगतो," ते म्हणाले.

संध्याकाळी अक्काने सगळं ऐकून घेतलं. "उशाला कापड आहे म्हणतोस?"

"मऊ. निळं."

"निळं," अक्का छताकडे बघत म्हणाली. "आणि बाकीच्यांचं काय?"

"बाकीच्यांचं मला काय माहीत?"

"मला तरी काय माहीत? पण दारात फळ्या लावून बसलेली मी एकटीच नसणार. तो चौकोन कोणाला वाचता येतो का रे? मला तर नाही आला. मी म्हटलं, माणूस उभा आहे ना त्याच्याखाली, मग खरं असेल. बाकीच्यांनीही तेच म्हटलं असेल."

"मग मॅडमना नको म्हणून सांगू?"

"मला विचारू नकोस. माझी कंबर हो म्हणतेय." अक्काने डोळे मिटले. "कमरेचं ऐकून तुला उद्या तिथे उभं राहवणार असेल तर आण पलंग. मी झोपेन त्याच्यावर. तुला दोष नाही देणार."

काकांना झोप नीट लागली नाही, पण सकाळी त्यांचे पाय अडखळले नाहीत. कोट चढवला, फुटपाथवर आले, आणि रोजच्या जागी न थांबता मागे मागे सरकत शोरूमच्या काचेला पाठ लावून उभे राहिले. आतली फळी काचेवर ठक्क करून आपटली.

पहिला माणूस फोन काढूनच आला. "काका, फिरा ना जरा."

"नाही फिरत."

"अहो, तुमचं कामच आहे ते."

"होतं. ऑफर संपलीय. नंबर देऊ नका कोणाला. पलंग हवा असेल तर आत जा आणि समोरासमोर विचारा, आहे का म्हणून."

माणूस गोंधळला, मग हसला, मग आत गेला. दुसरा रागावला. तिसऱ्याने बाजूने फोन घालून चौकोनाची कड तरी मिळते का पाहिलं, तेव्हा काकांनी पाठ आणखी दाबली. जिन्याखालून घड्याळताई तोंडात स्क्रू-ड्रायव्हर धरून बघत होती. काचेच्या आतल्या बाजूला सेल्समन जमले होते. या काचेला हात लावायचा नाही, असा पूर्वीपासूनचा नियम होता. पाठ लावायची नाही, असं कोणी म्हटलेलं नव्हतं.

मॅडम धावत आल्या. "काका, हे काय? लोक व्हिडिओ काढताहेत."

"काढू दे. समोरून काढताहेत."

"प्लीज फिरा."

"मॅडम, पानावर सगळ्यात वर लिहा, ऑफर संपली. मोठ्या अक्षरात. मग फिरतो. दिवसभर भोवऱ्यासारखा गोल गोल फिरतो, म्हणाल तेवढा वेळ."

"ते माझ्या हातात नाही हो."

"पाठ माझ्या हातात आहे."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं की कशाचं, त्यांनाही कळलं नसेल. हळू आवाजात त्या म्हणाल्या, "मग कोट द्यावा लागेल, काका. आणि तो पलंग मला मग नाही पाठवता येणार."

"विका तो. पाय चांगले आहेत त्याचे."

फळीमुळे कोट एकट्याने काढता येत नसे. मॅडमनीच एक बाही धरली. काकांनी हात सोडवून घेतले, कोटाची चौकोनाची बाजू आत करून घडी घालायला गेले, पण फळीची कसली घडी. तसाच उभा त्यांच्या हातात दिला. खुर्चीही आत गेली.

घरी जावं, असं काकांच्या मनात आलं. छाती दुखत होती, आणि अक्का आज पुन्हा जमिनीवरच झोपणार होती. पण ते फुटपाथवरच्या आपल्या जागी येऊन उभे राहिले. पाठीला वारा लागत होता. फुटपाथ काही शोरूमचा नव्हता.

दुपारपर्यंत ओळखीची कितीतरी माणसं समोरून गेली. रोज 'काय काका' म्हणणारा बसचा कंडक्टर, भाजीची पिशवी घेऊन जाणारी शिक्षिका, दोन वेळा त्यांच्याशी भांडून गेलेले गृहस्थ. साध्या शर्टातल्या म्हाताऱ्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. काकांना ते लागलं. लोक कोटाला ओळखत होते, आपल्याला नाही, हे त्यांना आज कळलं.

बसमधून एक बाई उतरली. हातात फोन, तो वाजतच होता. तिने बंद केला, पुन्हा वाजला. तिने फुटपाथ वरपासून खालपर्यंत पाहिला आणि काकांनाच विचारलं, "इथे ते पिवळे कोटवाले उभे असायचे. कुठे गेले हो?"

"काय काम होतं?"

"भांडायचंय त्यांच्याशी. पलंग देतो म्हणून नंबर घेतलाय, आणि आता दिवसभर जीव खाताहेत."

काकांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि एक पाऊल पुढे आले.

"मीच तो," ते म्हणाले. "बोला."