बारा हात फीत

माझ्या डबीत माझ्यासोबत एक पत्र राहत होते. एकोणीस वर्षे आम्ही दोघे एका प्लास्टिकच्या डबीत अंगाला अंग लावून पडून होतो. त्या पत्राला कधी उत्तर गेले नाही.

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. खरे तर आता स्वतःला पुरती कॅसेट म्हणायचीही मला सोय राहिलेली नाही, पण ते ओघाने येईलच. आपले वृत्त सांगणाऱ्या वस्तू जन्मापासून सुरुवात करतात. मलाही तसेच करायचे होते. पण सारखे वाटते की तुम्ही आधी ते पत्र वाचावे आणि मग ठरवावे, माझे पुढचे ऐकायचे की नाही. त्यात लिहिले होते:

“तुम्ही टीव्हीवर दाखवलंत तसंच मी केलं. वहीचे टाके उसवले, पानं सुटी केली, कोमट पाण्यात सोडली. पाणी निळं झालं. ती माझ्या आईची वही होती. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला, आणि शेवटचे आठ महिने ती माझ्याशी त्या वहीत लिहून बोलली. ‘पंखा कमी कर.’ ‘डॉक्टर आज घाईत होते.’ ‘रडतेस काय, भाजी करपतेय.’ मला फक्त चहाचा डाग काढायचा होता. तुम्ही माझ्या आईला दुसऱ्यांदा गप्प केलंत. मला तुमची माफी नको. हा कार्यक्रम पुन्हा दाखवणार नाही, एवढं एका ओळीत कळवा.”

खाली पत्ता होता. अक्षर सरळ होते, पण पेन इतके दाबलेले की कागदाच्या मागच्या बाजूला ओळी हाताला लागत.

आता माझा जन्म. कारखान्यातून मी कोरी निघाले. काळी, गुळगुळीत, दोन चकत्यांवर गुंडाळलेली फीत. कोरेपणाचे दिवस थोडेच होते, पण आयुष्यातले चांगले दिवस तेवढेच, असे आता वाटते. मला एका छोट्या केबल चॅनेलने विकत घेतले. ते चॅनेल फक्त मोडलेल्या वस्तूंचे होते. खुर्चीचा पाय कसा बसवावा, घड्याळ कसे उघडावे, छत्रीची काडी कशी बदलावी. नाच नाही, बातम्या नाहीत. लोक त्याला ‘गोंद चॅनेल’ म्हणून हसत आणि गुपचूप बघत. एक मॅडम ते चालवत. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. एकीत दिवे, दुसरीत मॅडमचा आवाज.

पुस्तके बांधण्याचे काम दाखवायला तिथे एक बाइंडर येत. सगळे त्यांना बाइंडरकाका म्हणत. माणूस असा बुजरा की दारात कोणी उभे असेल तर ते हटेपर्यंत स्वतः बाहेर थांबायचा. पण पुस्तक हातात आले की बोटे बोलू लागत. त्या दिवशी डागाळलेले पुस्तक कसे धुवावे हे ते दाखवणार होते. मुद्दे त्यांनी एका पुठ्ठ्यावर लिहून आणले होते. सात मुद्दे. पाचवा होता: आधी शाई तपासा. छापील शाई पाण्याला दाद देत नाही, पेनाची शाई देते.

चौथ्या मुद्द्यावरून काका थेट सहाव्यावर गेले.

कार्यक्रम संपला, दिवे विझले, वायरी गुंडाळायला सुरुवात झाली, आणि तेव्हा त्यांना आठवले. त्यांनी तोंड उघडले. तेवढ्यात मॅडम आत आल्या. “वा काका! एका दमात! असा एपिसोड आजवर झाला नाही!” काकांचे तोंड उघडेच राहिले. मग ते म्हणाले, “चहा छान होता.”

मित्रांनो, माझ्या अंगावर तासाभराचे चित्र आहे, पण माझी ओळख तेवढीच: जे वाक्य माझ्यावर नाही, ते.

कार्यक्रम गाजला. चॅनेलने मूळ टेप स्वतःकडे ठेवली आणि त्यावरून माझ्यावर एक प्रत उतरवून काकांना भेट दिली. माझे कौतुक झाले. दोन महिने शेजारीपाजारी मला बघायला येत. मग पत्र आले. ते वाचून काका खुर्चीत बसले, आणि चहा आला तरी उठले नाहीत. काकूंनी विचारले तर म्हणाले, “काही नाही, प्रेक्षकाचं.” खोटे नव्हते म्हणा.

उत्तर लिहायला त्यांनी किती कागद घेतले, मी मोजले नाही. पण प्रत्येक कागद मायन्यावर अडकला. ‘सप्रेम नमस्कार’ लिहिले आणि फाडले, कसले प्रेम? ‘महोदया’ लिहिले, ते सरकारी नोटीस वाटले. ‘ताई’ लिहायचा धीर झाला नाही. ज्या माणसाने आयुष्यभर पुस्तके बांधली आणि बांधता बांधता वाचली, त्याला पहिला शब्द सापडेना. शेवटी त्यांनी पत्राची घडी केली, माझ्या डबीत सारली आणि डबी फळीवर, पुस्तकांच्या रांगेच्या टोकाला ठेवली.

पुस्तके माझ्याशी कधी बोलली नाहीत. त्यांना बहुधा माझ्या अंगाला पाण्याचा वास येत असावा. कदाचित ही माझीच समजूत असेल.

पुढच्या वर्षांत चॅनेलने तो कार्यक्रम तीनदा पुन्हा दाखवला. काका त्या वेळी टीव्ही बंद करत. एकदा त्यांनी मॅडमना फोनही लावला. मी फळीवरून ऐकत होते. मला वाटले, आता सांगतील. त्यांनी तब्येतीची चौकशी केली, हवा फार कोरडी आहे म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हापासून मी त्यांचा राग करू लागले. तुमच्यासारखी लहान मुले माणसांना चटकन माफ करतात. वस्तूंना ते जमत नाही. आम्हाला हलता येत नाही ना!

मग यंदा मॅडमचा फोन आला. काकूंनी स्पीकर लावला. काकू पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या आणि कोणाचेही बोलणे अर्धे ऐकणे त्यांना पटत नसे.

“काका, केबलवाल्यांनी आम्हाला बाहेर काढलं,” मॅडम म्हणाल्या. “आधी शेवटच्या नंबरवर ढकललं, आता सिग्नलच बंद. आपण ऑनलाइन जातोय. ॲप तयार आहे. पहिल्या दिवशी तुमचा पुस्तकं धुण्याचा एपिसोड टाकायचाय, लोक अजून तोच मागतात. पण आमच्या टेपला बुरशी लागली. तुमच्याकडची घेऊन या.”

“म्हणजे... परत एकदा दाखवणार?”

“एकदा कसला! कायमचा. कोणीही, कधीही, जगात कुठेही. तुमचे नातू-पणतू बघतील!”

काका “हो, हो” म्हणाले. नकार द्यायचा असला तरी ते दोनदा हो म्हणत.

काकूंनी मला फळीवरून काढले, धूळ पुसायला डबी उघडली आणि पत्र खाली पडले. त्यांनी ते उभ्यानेच वाचले. पहिल्यांदा मनात, मग मोठ्याने, शेवटच्या ओळीपर्यंत.

“हे काय आहे?”

“अगं, ते...”

“तारीख बघितलीत? एकोणीस वर्षं! मी एक्स्चेंजात बसून साऱ्या गावाची बोलणी जुळवून दिली, आणि माझ्याच घरात ही लाइन डेड पडलीय?”

“शब्द सुचत नव्हते.”

“तिनं एक ओळ मागितली होती, अहो. ग्रंथ नव्हता मागितला.” काकूंनी पत्र माझ्या डबीत परत ठेवले आणि डबी काकांच्या हातात आपटल्यासारखी दिली. “जा. पण त्या बाईला काय कळवणार ते ठरवूनच घरात पाऊल टाका. तोवर माझ्याशी बोलू नका.”

चॅनेलची कचेरी आता एकाच खोलीत आली होती. माणसे गेली होती, खुर्च्या एकावर एक रचल्या होत्या, आणि मशीनवर मॅडम स्वतः बसल्या होत्या. त्यांनी मला आत सरकवले. मी फिरू लागले. पडद्यावर एकोणीस वर्षांनी तरुण काका आले, पुस्तकाचे टाके उसवू लागले. खुर्चीतले काका त्यांच्याकडे असे बघत होते, जणू तो माणूस त्यांचे काही चोरणार आहे.

सोळावे मिनिट संपता संपता ते म्हणाले, “जरा थांबवा.”

मॅडमनी बटण दाबले. “काय झालं?”

“इथे एक वाक्य राहिलंय. शाई तपासायचं. माझं चुकलं होतं. आत्ता कॅमेऱ्यासमोर बोलतो. अर्धं मिनिट.”

“काका, कॅमेरे विकले. आणि लोकांना तेव्हाचे काका हवेत, जसेच्या तसे. मध्येच हे म्हातारं कोण आलं म्हणतील.”

काकांनी डबीतून पत्र काढून पुढे केले. मॅडमनी वाचले. त्यांचा चेहरा क्षणभर बदलला, आणि मग आणखी कडक झाला.

“तीन रिपीट झाले तेव्हा कुठे होतात? मला का नाही सांगितलंत? आज माझं सगळं बुडायला आलंय, उद्या ॲप सुरू होतंय, आणि आज तुम्हाला सद्बुद्धी सुचली?”

“बरोबर आहे तुमचं,” काका म्हणाले.

“मग झालं तर! खाली एक सूचना लिहीन मी.”

“सूचना कोण वाचतं, मॅडम? माझ्या हाताकडे बघतात सगळे. हात पाण्यात गेला की त्यांचाही जातो.”

“काका, एपिसोड चॅनेलचा आहे. तुमची परवानगी मी मागत नाहीये. मशीनला हात लावू नका आता, बसा.”

काका बसले. मला वाटले, झाले. पुन्हा हवा कोरडी आहे म्हणतील. मॅडम केबलवाल्याचा फोन आला म्हणून खिडकीकडे वळल्या आणि त्याच्यावर ओरडू लागल्या. काकांनी मशीनचे बटण दाबले. मी बाहेर आले. त्यांनी अंगठ्याने माझ्या पुढचे झाकण उचलले, खिशातून चामडे कापायची छोटी सुरी काढली, फीत एका जागी कापली आणि तिथून पुढची ओढायला सुरुवात केली.

मित्रांनो, त्यांनी ती फाडली नाही. शिवणीचा दोरा मोजतात तशी कोपरापासून बोटांपर्यंत मोजली. एक हात, दोन हात. मनातल्या मनात हिशेब चालला होता. पाण्याच्या चार मिनिटांची फीत किती हात होते? बाराव्या हाताला सुरी पुन्हा टेकली.

मॅडम वळल्या. “काका! वेड लागलं का तुम्हाला? ठेवा ते खाली! आजवर तुम्हाला सभ्य माणूस समजत होते मी!”

“मीही,” काका म्हणाले.

“पुन्हा या दारात दिसायचं नाही! कोर्टात खेचीन तुम्हाला!”

काकांनी फीत चार बोटांभोवती गुंडाळली, पत्रासोबत खिशात ठेवली. उरलेली कॅसेट मॅडमच्या टेबलावर ठेवली. पुस्तक उसवण्यापर्यंतचा भाग त्यांना घेता येईल, असे काहीसे पुटपुटले. मॅडमनी ती त्यांच्या पाठीमागे फेकली. ती दाराला लागली आणि फुटली. माझा बहुतेक देह तिथेच राहिला. तुमच्याशी बोलते आहे ती मी, बारा हात.

घरी काकू टेबलाशी बसल्या होत्या. काकांनी मला समोर ठेवले. काकूंनी गुंडाळीकडे पाहिले, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि कोरा कागद पुढे सरकवला.

काकांनी पेन उचलले. पेन कागदाच्या वरच्या कोपऱ्यात गेले आणि थांबले. मी ते थांबणे ओळखत होते.

“मायना ना?” काकू म्हणाल्या. “सोडा तो. तिनं तरी कुठे लिहिलाय? सरळ मुद्द्याला हात घाला.”

काकांनी पत्र उलगडून बघितले. खरेच, त्यात मायना नव्हता. एकोणीस वर्षे त्यांच्या लक्षात आले नव्हते. मग त्यांनी लिहिले:

“तो कार्यक्रम पुन्हा दिसणार नाही. आधी शाई तपासा, हे वाक्य माझ्या पुठ्ठ्यावर होते. मी ते बोललो नाही, आणि आठवल्यावरही बोललो नाही. चूक माझी. त्यानंतर तो तीनदा दाखवला गेला, तीही माझीच. तुमचे पत्र मिळाले होते. पाण्याचा भाग सोबत पाठवत आहे.”

काकू वाचून म्हणाल्या, “एक ओळ मागितली होती.” पण कागद त्यांनी फाडला नाही. मला पुस्तकाच्या दोऱ्याने बांधून पाकिटात त्यांनीच घातले.

वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला तसे म्हणता येत नाही. मित्रांनो, मला कोणी जपले नसते तर बरे झाले असते. तुम्ही फक्त एवढे करा, आणि हे माझ्यावर कधी नव्हते म्हणून नीट ऐका: हाताने लिहिलेले काहीही धुण्याआधी ओल्या कापसाचे टोक एका अक्षराला टेकवा. कापूस रंगला, तर डाग राहू द्या.

टपालपेटी कोपऱ्यावर होती. काका पाकीट पेटीच्या तोंडाशी धरून उभे राहिले. मागे एक बाई हातात लिफाफा घेऊन थांबली होती. काकांनी सवयीने बाजूला होऊन तिला वाट दिली. तिने आपले पत्र टाकले आणि ती गेली.

“पत्ता एकोणीस वर्षांपूर्वीचा. ती आता तिथे राहत नसली तर?” काका म्हणाले.

“अहो, रिंग तर जाऊ द्या,” काकू म्हणाल्या.

त्यांनी बोटे सोडली. मी आत, मघाच्या बाईच्या पत्रावर पडले.